डी अँड डीमधला पैसा: पेन्सिल कधी उचलायची?

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच खेळाडूंचा ग्रुप, डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती, पात्रं चौथ्या लेव्हलला. लूट वाटण्यात आणि बाजारहाट करण्यात प्रत्येक सेशनचा मोठा वेळ जातो, दोघांच्या शीटवरचे (पात्राची माहिती लिहायच्या कागदावरचे) आकडे कधीच जुळत नाहीत, आणि आता ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. एक गट म्हणतो, पैसे मोजणं बंदच करून टाकू. दुसरा म्हणतो, मग खजिना शोधायचा तरी कशाला? शिवाय त्यांच्यातला थीफ (चोराचं पात्र) लुटीतला काही भाग परस्पर खिशात घालतो, त्याचं काय करायचं तेही विचारलंय.

माझ्या मते दोन्ही गटांचं अर्धं अर्धं बरोबर आहे. पैसा राहू द्या, नोंदी कमी करा. एक रक्कम ठरवा. त्या रकमेखालच्या खरेदीला कोणीही पेन्सिल उचलायची नाही आणि त्यावरच्या खरेदीत एकेक नाणं चोख मोजायचं. ही रक्कम किती असावी हे पुस्तक सांगणार नाही, ते तुमच्या टेबलावर पैसा नेमकं काय काम करतोय त्यावर ठरेल. बरेच डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे) आधी कुठला तरी सुटसुटीत नियम शोधून आणतात, आठवडाभर चालवतात आणि मग खेळातली मजा गेली म्हणून परत जुन्यावर येतात. कारण नियम बदलण्याआधी हे काम तपासलेलंच नसतं.

मुळात इतकं बारीक मोजणं आलं कुठून? गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा खेळ १९७४ साली आला तेव्हा नाणी मोजणं हीच खेळाची धाव होती. तळघरातून सोन्याचं एक नाणं सुखरूप बाहेर काढलं की एक एक्स्पीरियन्स पॉइंट, ज्यावर पात्राची लेव्हल वाढायची, असा सरळ हिशोब. राक्षस मारून मिळणारे पॉइंट त्यापुढे किरकोळ. आणि नाणी चांगली जड होती: दहा नाण्यांचा एक पाउंड. हजार नाणी उचलायची म्हणजे १०० पाउंड, साधारण ४५ किलो. एवढं वजन घेतलं की चाल मंदावायची, चाल मंदावली की बाहेर पडायला वेळ लागायचा, आणि वेळ लागला की भटके राक्षस गाठायचे. मशाली संपायच्या त्या वेगळ्याच. अशा खेळात कॉपरच्या (तांब्याच्या नाण्यांच्या) पोत्याचं काय करायचं हा जिवावरचा निर्णय होता. अ‍ॅडव्हान्स्ड डी अँड डीत २० सिल्व्हर किंवा २०० कॉपर मिळून एक गोल्ड व्हायचं, त्यामुळे तांब्याचं पोतं टाकून निघायचं हे शहाणपणाचं होतं, आणि ते टाकताना हात जड व्हायचा. वही ठेवणं हे तिथे कारकुनी काम नव्हतं, तो डावाचाच भाग होता.

पुढे हे एकेक करून सुटत गेलं. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्याचे पॉइंट ऐच्छिक झाले. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत पैशाला नवीन काम मिळालं, ते म्हणजे जादूच्या वस्तूंची खरेदी. कोणत्या लेव्हलच्या पात्राकडे एकूण किती मालमत्ता असावी याचं कोष्टकच पुस्तकात होतं: पाचव्या लेव्हलला ९,००० गोल्ड, दहाव्याला ४९,०००. म्हणजे पैसे मोजणं हा पात्र घडवण्याचाच भाग झाला. मग २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने जादूची खरेदी डीएमच्या मर्जीवर सोडली. फायटरने (लढवय्या पात्राने) एकदा १,५०० गोल्डचं प्लेट आर्मर, म्हणजे पूर्ण अंगाचं चिलखत, घेतलं की पुढे पैसे घालायचे कुठे, याला त्या पुस्तकाकडे धड उत्तर नव्हतं. पण शीटवर कॉपर, सिल्व्हर, इलेक्ट्रम (सोन्या-चांदीचा मिश्रधातू), गोल्ड आणि प्लॅटिनमचे पाच चौकोन अजून तसेच छापलेत. तुमचा वेळ खातात ते हे चौकोन.

म्हणून पुढच्या सेशनला खेळाडूंना एकच प्रश्न विचारा. पैसे कमी पडले म्हणून तुमच्यापैकी कोणी अलीकडे काही वेगळं केलं का? एखादं काम पत्करलं, कोणाकडे उधारी केली, एखादी वस्तू मागे ठेवली, विकली? उत्तर ‘नाही’ असेल तर तुमची सगळी मोजदाद वाया जातेय. उत्तर ‘हो’ असेल तर ती वस्तू केवढ्याची होती ते विचारा. बहुतेक चौथ्या लेव्हलच्या ग्रुपमध्ये उत्तर येतं ते जखमा भरणारं हीलिंग पोशन (५० गोल्ड), कड्यांचं चिलखत म्हणजे चेन मेल (७५) आणि प्लेट आर्मर. मशालीचा एक कॉपर किंवा एलच्या मगाचे चार कॉपर यावरून कोणाचं काही अडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आता एक लूट जवळून बघू. गॉब्लिनांची गुहा साफ झाली. डीएम वाचून दाखवतो: ७३० कॉपर, २१४ सिल्व्हर, ९ इलेक्ट्रम, ३८ गोल्ड. पाचव्या आवृत्तीत दहा कॉपरचा एक सिल्व्हर, दहा सिल्व्हरचा एक गोल्ड, दोन इलेक्ट्रमचा एक गोल्ड. म्हणजे ७.३ अधिक २१.४ अधिक ४.५ अधिक ३८, एकूण ७१.२ गोल्ड. पाच जणांत भागलं की प्रत्येकी १४ गोल्ड, २ सिल्व्हर, ४ कॉपर. कागदावर हे दोन ओळींचं काम आहे. टेबलावर काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. कोणीतरी म्हणतं इलेक्ट्रम मला द्या, मला आवडतात. मग बाकीच्यांचे वाटे हलतात. एक जण मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडतो आणि तिथेच इन्स्टाग्रामवर हरवतो. आणि त्यात वजन कोणी धरत नाही. ही एकूण ९९१ नाणी आहेत, आताच्या नियमाने ५० नाण्यांचा एक पाउंड, म्हणजे साधारण ९ किलो. त्यातलं साडेसहा किलो नुसतं तांबं, आणि त्याची किंमत सव्वासात गोल्ड. ते कोणी वाहून आणलं हे विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात.

हीच लूट सोप्या पद्धतीने: डीएम म्हणतो, ‘चिल्लर धरून ७१ गोल्डचा ऐवज, एका माणसाला पुरे होईल एवढं ओझं.’ खजिनदार, म्हणजे ग्रुपचा हिशोब ठेवणारा खेळाडू, वहीत ७१ लिहितो. पुढचा सीन सुरू. वर्णन मात्र कापू नका. गॉब्लिनांनी तांब्याची नाणी भोकं पाडून माळेत ओवली होती, त्यातल्या काहींवर एका बुडालेल्या राज्याचा शिक्का होता, हे सांगायला काहीच हरकत नाही, उलट आकड्यांचा वेळ वाचला की असं सांगायला जागा मिळते. इलेक्ट्रमचा माझ्या मते तेवढाच उपयोग आहे. चलन म्हणून ते काढून टाका, आणि कधीतरी एखाद्या थडग्यात जुन्या काळाचा धागा म्हणून दोन-चार नाणी दाखवा.

तर पहिली गोष्ट, एकच एकक. सगळं गोल्डमध्ये, पूर्णांकात. ज्यांना सोन्याचं अप्रूप टिकवायचंय ते याचीच दुसरी आवृत्ती वापरतात: किमतीच्या यादीत जिथे गोल्ड लिहिलंय तिथे सिल्व्हर वाचायचं आणि लुटीतही तसंच. गणित तेच राहतं, पण सोन्याचं एक नाणं हाती आलं की टेबल सावरून बसतं. लॅमेंटेशन्स ऑफ द फ्लेम प्रिन्सेससारखे जुन्या धाटणीचे काही खेळ मुळातच चांदीवर चालतात. नवीन कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी सलग कथा) सुरू करणार असाल तर हे जरूर करा. चालू कॅम्पेनमध्ये अर्ध्यात बदलू नका, महिनाभर गोंधळ होतो.

दुसरी गोष्ट, तीच जी सुरुवातीला म्हटली: उंबरठ्याची रक्कम. ही कल्पना माझी नाही. कॉल ऑफ कथुलू या भयकथांच्या खेळाच्या सातव्या आवृत्तीत प्रत्येक पात्राच्या क्रेडिट रेटिंगवरून (पत दाखवणाऱ्या आकड्यावरून) त्याची दिवसाची खर्चाची पातळी ठरते. १९२० च्या दशकातल्या मध्यमवर्गीय पात्राला ती १० डॉलर आहे. त्याखालचा खर्च लिहायचाच नाही, वरचा झाला तर रोकड मोजायची. तो फँटसी खेळ नाही, पण ही युक्ती डी अँड डीत अगदी चपखल बसते, कारण पाचव्या आवृत्तीत राहणीमानाचे दर आधीच दिलेत आणि बहुतेक जण ते पान उलटून पुढे जातात. गरिबी २ सिल्व्हर रोज, साधी राहणी १ गोल्ड, सुखवस्तू २, श्रीमंती ४, सरदारी थाट १० आणि त्यापुढे. प्रत्येक खेळाडूने शहरात शिरताना आपली राहणी जाहीर करायची, मुक्कामाचे पैसे एकदाच द्यायचे, आणि तोच रोजचा आकडा त्याचा उंबरठा. सुखवस्तू राहणाऱ्याला दोन गोल्डपर्यंतचं काहीही न लिहिता मिळतं: मशाली, मेणबत्त्या, तेल, दोरखंड, शिधा, वीस बाण, दारू, टांग्याचं भाडं, पोरासोरांना दिलेली बक्षिशी. पंधरा गोल्डची लाँगसोर्ड घ्यायची असेल तर ती वहीत येणार.

याचा एक छुपा फायदा आहे. पाच जण सुखवस्तू राहिले तर आठवड्याचे ७० गोल्ड होतात. म्हणजे वरची आख्खी गुहा एका आठवड्याच्या भाड्याजेवणात संपली आणि हातात एक गोल्ड उरला. साधेपणाने राहिले तर तीच लूट दोन आठवडे पुरते. कॉपर मोजून जे दडपण कधी आलं नव्हतं ते एका आकड्याने येतं, आणि खेळाडू आपणहून विचारतात, ‘इथे काही काम मिळेल का?’ तुमच्या दुसऱ्या गटाला जी भीती वाटतेय, की मोजणं सोडलं तर पैशाची किंमत जाईल, ती इथे निघून जाते. राहणी परवडत नसेल तर एक पायरी खाली यायचं. धर्मशाळेच्या ओसरीवर झोपणाऱ्याशी सरदाराचा दिवाणजी कसा बोलतो आणि श्रीमंती वाड्यात उतरलेल्याशी कसा बोलतो, हे डीएमने न चुकता दाखवायचं. वॉरहॅमर फँटसी या दुसऱ्या खेळाच्या चौथ्या आवृत्तीत हे नियमातच बसवलंय, तिथे पात्राची प्रतिष्ठा पितळ, चांदी आणि सोनं अशा तीन थरांत मोजतात आणि ती त्याच्या पेशावर अवलंबून असते.

पळवाट काढणारा एखादा असतोच. तो म्हणेल, ‘मशाल उंबरठ्याखाली आहे ना, मग मला चारशे मशाली द्या.’ त्यासाठी एक ओळ पुरते: उंबरठ्याखालची वस्तू स्वतःच्या वापरापुरती, घाऊक घेतली किंवा विकायला घेतली तर मोजायची. आणि लक्षात ठेवा, उंबरठा शहरातल्या खरेदीला आहे. तळघरात उतरल्यावर बाण बाणच असतात. तिथे मोजायचा कंटाळा येत असेल तर द ब्लॅक हॅक या खेळातला वापराचा फासा उसना घ्या. भात्याला आठ बाजूंचा फासा द्यायचा. लढाई संपली की टाकायचा. १ किंवा २ पडले की फासा एक पायरी उतरतो, आठचा सहा, सहाचा चार, आणि चारवरही १ किंवा २ पडले की भाता रिकामा. सरासरीने आठच्या फाशाचे चार, सहाचे तीन आणि चारचे दोन, असे नऊ वापर निघतात. पण कधी तिसऱ्याच लढाईत भाता रिकामा होतो, आणि ती धाकधूक हिशोबाच्या वहीत कधीच सापडत नाही.

आता तुमच्या पहिल्या गटाकडे वळतो, ज्यांना पैसा मोजायचाच नाही. आकड्याशिवाय श्रीमंती दाखवणारे खेळ बरेच आहेत आणि त्यांतले काही उत्तम आहेत. २००२ च्या डी२० मॉडर्नमध्ये पात्राकडे वेल्थ बोनस असायचा, वस्तूची किंमत म्हणजे एक अवघडपणाचा आकडा, आणि खरेदी म्हणजे फासा टाकून केलेली तपासणी. महागाचं घेतलं की बोनस उतरायचा. बर्निंग व्हीलमध्येही रिसोर्सेस हा गुण टाकूनच खरेदी होते. आधुनिक जगात हे बरं चालतं, कारण आपल्या खात्यात नक्की किती आहेत यापेक्षा ईएमआय निघेल का हाच तिथे प्रश्न असतो. पण ड्रॅगनच्या गुहेत हे पार फसतं. जिवाची बाजी लावून आत शिरलेल्या माणसाला ‘तुमची श्रीमंती दोनने वाढली’ असं सांगा आणि त्याचा चेहरा बघा. त्याला ढीग हवा असतो. त्या ढिगात हात घालायचा असतो. म्हणून डी अँड डीच्या टेबलावर मी श्रीमंतीची तपासणी सुचवत नाही, कोणी कितीही गळ घातली तरी.

याला अपवाद ब्लेड्स इन द डार्क, चोरांच्या टोळीचा खेळ. तिथे पैशाला नुसतं कॉइन म्हणतात. एक कॉइन म्हणजे चांदीच्या नाण्यांनी भरलेली थैली, आठवड्याची कमाई. अंगावर जास्तीत जास्त चार कॉइन ठेवता येतात, बाकीची स्टॅशमध्ये (साठवणीत) टाकायची, आणि म्हातारपणी पात्र गटारात मरणार की स्वतःच्या हवेलीत, हे त्या स्टॅशवरून ठरतं. स्टॅशमधून काढायला गेलात तर दोन घातलेल्यांचं एकच हाती येतं. इतके कमी आकडे, पण प्रत्येक कॉइनमागे कुरतडणारा विचार: आता जखम भरायला खर्च करू की म्हातारपणासाठी ठेवू? पैसा सोपा करणं म्हणजे काय, हे बघायचं असेल तर माझ्या माहितीत याहून चांगला नमुना नाही. नाण्यांची संख्या घटली आणि प्रत्येकाचं वजन वाढलं. तुमच्या टेबलाला यातलं एक उचलता येईल, ते म्हणजे खर्चाला जागा देणं. दोन मोहिमांमधल्या सुटीत पैसे घालून काहीतरी मिळू द्या: बातमी, ओळख, प्रशिक्षण, एखादं दुकान.

लेव्हल वाढली की एकक बदलायला हवं, याकडे फारसं कोणी बघत नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतल्या खजिन्याच्या कोष्टकांची सरासरी काढून पाहा. सुरुवातीच्या राक्षसांचा एक साठा, नुसती नाणी धरून, साधारण १९६ गोल्डचा. त्यापुढच्या थरात सुमारे ३,८५७. तिसऱ्यात ३१,५००. शेवटच्या थरात ३,२२,०००. या चढणीवर पहिल्या लेव्हलचीच मोजपट्टी कशी चालेल? कंपन्यांच्या ताळेबंदावर कोपऱ्यात ‘रक्कम लाखांत’ छापलेलं असतं ना, तसं करायचं. पाचव्या लेव्हलपासून दहाच्या पटीत लिहा, अकरापासून हजाराच्या ‘पेट्या’ धरा, आणि एका पेटीपेक्षा लहान काहीही वहीत आणू नका. उंबरठाही त्याच प्रमाणात आपोआप वर सरकतो.

एवढं सोनं न्यायचं कसं, याचं उत्तर पुस्तकात रत्नं आहेत. रत्नं आणि कलावस्तू पूर्ण किमतीला विकल्या जातात, जुनी हत्यारं-चिलखतं चांगल्या अवस्थेत असली तर निम्म्याला. पण ज्यांची कॅम्पेन मराठेशाहीच्या धर्तीवरच्या मुलखात चालते, आणि असे ग्रुप आता पुण्या-मुंबईत दिसतात, त्यांच्यासाठी हुंडीइतकी चांगली सोय दुसरी नाही. सावकाराच्या पेढीवर पेट्या जमा करायच्या, कागद घ्यायचा, दूरच्या शहरातल्या त्याच्या आडत्याकडे तो वटवायचा. वजन शून्य, आणि कथेला दहा वाटा. ही पेढी त्या शहरात पत राखून आहे का? कागद चोरीला गेला तर? मुदतीची हुंडी असेल आणि पैसे आजच हवे असतील तर सराफ किती कापून घेईल?

याच ओघात एक धोक्याची सूचना. आपल्याकडे अंकुशी, चांदवडी असे वेगवेगळ्या टांकसाळींचे रुपये एकाच वेळी चालायचे आणि बदलताना सराफ बट्टा लावायचा, हे वाचलं की डीएमचे डोळे चमकतात. लगेच पाच राज्यांची पाच चलनं तयार होतात. करू नका. १ एप्रिल १९५७ पर्यंत आपल्या रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे आणि १९२ पै होते, आणि पिढ्यान् पिढ्या लोकांनी ते तोंडी सांभाळलं, पण त्यांचा तो रोजचा व्यवहार होता. वॉरहॅमरमध्ये एका सोन्याच्या क्राउनचे २० शिलिंग आणि २४० पेनी आहेत, त्या जगाच्या कळकट बाजाला ते शोभतंही, तरी रविवारी दुपारी चार तास भेटणाऱ्या ग्रुपला ते गणित रुळायला फार वेळ लागतो. बट्टा दाखवायचाच असेल तर एका सीनपुरता दाखवा: सीमेवरचा सराफ तुमच्या शंभराचे नव्वद मोजून देतो आणि नाक मुरडतो. झालं. वहीत नव्वद लिहा आणि पुढे व्हा.

कुठे अजिबात ढिलाई नको, तेही सांगतो. किंमत लिहिलेले मंत्र. मेलेल्याला उठवणाऱ्या मंत्रांपैकी रिव्हिव्हिफायला ३०० गोल्डचा हिरा लागतो, रेझ डेडला ५०० चा, आणि दोन्ही वेळा तो हिरा खर्ची पडतो. जादूची वस्तू ओळखणाऱ्या आयडेंटिफायचा १०० गोल्डचा मोती मात्र तसाच राहतो. या किमती मरणाला लावलेला लगाम आहेत. ‘गंगाजळीत तीनशे आहेत ना, मग हिरा होताच असं धरू’ हे एकदा चाललं की पुढे कोणी मरायला घाबरत नाही. हिरे नगाने लिहा, कोणाच्या पिशवीत आहेत तेही लिहा, आणि लहान गावात ते मिळू नयेत याची काळजी घ्या. तसंच तुमची कॅम्पेन कर्जाची, खंडणीची किंवा दरोड्याची असेल तर मुख्य रक्कम शेवटच्या नाण्यापर्यंत मोजा. धाकट्या राजकुमाराला सोडवायला ४,००० लागतात आणि वहीत ३,८६० आहेत, या १४० च्या फरकावर एक आख्खं सेशन उभं राहतं. सोन्यावर पॉइंट देणारे जुने खेळ खेळत असाल तर मी वर सांगितलेलं बहुतेक विसरा, तिथे नाणी मोजणं हाच खेळ आहे.

आता प्रत्यक्ष बदल कसा करायचा. सगळ्यांच्या शीटवरचे पाचही चौकोन आजच गोल्डमध्ये फिरवा, अपूर्णांक वरच्या बाजूला धरा, त्याने कोणाचं काही बिघडत नाही. जुळत नसलेल्या आकड्यांवर वाद घालू नका, दोघांतला मोठा धरा. यापुढची लूट गंगाजळीत जाईल आणि तिची वही एका खेळाडूकडे असेल. डीएमकडे नको, त्याच्या डोक्याला आधीच पुरेसा ताप असतो. ग्रुपमध्ये ज्याला मोजण्याची खरोखर हौस आहे, आणि तुमच्या दुसऱ्या गटात असा एक नक्की असणार, त्यालाच खजिनदार करा. साधी खरेदी दोन सेशनच्या मधे व्हॉट्सअ‍ॅपवर उरकायची: प्रत्येकाने उंबरठ्यावरच्या वस्तू एका मेसेजमध्ये टाकायच्या, खजिनदाराने वजाबाकी करून उरलेला आकडा टाकायचा. टेबलावर दुकान तेव्हाच उघडायचं जेव्हा दुकानदाराकडे सांगण्यासारखं काही असेल, किंवा तो लबाड असेल.

वैयक्तिक वाट्याबद्दल ग्रुपागणिक मतं वेगळी असतात. मला निम्मं गंगाजळीत आणि निम्मं सारखं वाटून, ही पद्धत बरी वाटते. पोशन, हिरे, लाच, घोडे हे सामाईक पैशांतून. राहणी आणि हौसमौज स्वतःच्या. फायटर प्लेट आर्मरसाठी साठवतोय आणि बार्ड (गाणारं-वाजवणारं पात्र) सगळं उडवतोय, तर दोघांनाही आपापल्या मनासारखं वागता येतं. सगळंच सामाईक ठेवलं की बार्डच्या प्रत्येक पेल्यावर चर्चा होते, आणि ती चर्चा कोणालाच नको असते.

राहिला तुमचा थीफ. त्याच्या किरकोळ हातचलाखीचा प्रश्न उंबरठ्यानेच सुटतो. बाजारात दोन खिसे कापले, मेजवानीतून चांदीचा चमचा ढापला, हे सगळं त्याच्या राहणीतच धरा. त्याला वर्णन करू द्या, आकडा देऊ नका. तो हवं तर सुखवस्तू राहणीचे पैसे न देता तसा राहतो, कारण ते तो चोरतोय, आणि कधीतरी पहारेकरी दारात येतात. सोबत्यांच्या लुटीतून मोठी वस्तू लंपास करणं ही वेगळी गोष्ट आहे. ते चालेल का, हे पात्रांना नव्हे, खेळाडूंना विचारा, आणि त्याच्यासमोरच विचारा. चालेल म्हणाले तर त्याची स्लाइट ऑफ हँड (हातचलाखी) आणि खजिनदाराचं परसेप्शन (नजर) यांचे फासे उघडपणे टाका. डीएमबरोबर चिठ्ठ्यांची देवाणघेवाण नको, त्याने बाकीच्यांना कटात नसल्यासारखं वाटतं. नाही म्हणाले तर त्याला सांगा, हात सराफाच्या पेटीत घाल. आणि आजवर त्याने जे खिशात घातलंय ते परत मागू नका. त्याच्या स्वतःच्या रकमेत मिळवा आणि शीटवर सगळ्यांना दिसेल असं लिहायला लावा.